फोटोत न आलेला खांदा

बकुळाबाईला पोलिसांची लाठी लागलीच नव्हती. हे ती स्वतः सांगत होती, आणि लालबागच्या त्या चाळीत नेमकं तेवढंच कुणी ऐकून घेत नव्हतं.

छप्पन्नच्या जानेवारीत मुंबई पेटली तेव्हा मोर्चात तीही होती, हे खरं. लाठी शेजारच्या बाईला बसली आणि बकुळाबाई तिला सावरत घरी घेऊन आली. पुढे शिमग्याच्या सुमारास तिचा उजवा खांदा दुखायला लागला आणि बघता बघता धरला. मिलच्या वाइंडिंग खात्यात सुताच्या बॉबिनी चढवायला हात वर नेला की डोळ्यांपुढे काजवे चमकत. केसांचा अंबाडा बांधता येईना. लुगड्याचा कासोटा खोवायला हात मागे जाईना, तेव्हा लेक कांता तो खोवून द्यायची. विधवा बाई, मिलच्या पगारावर दोघींचं पोट. पण रडगाणं गायचा तिचा स्वभाव नव्हता.

चाळीत संयुक्त महाराष्ट्र समितीचं काम बघणारे शामराव मात्र गप्प बसणाऱ्यातले नव्हते. भर सभेत त्यांनी तिला उभं केलं. "बघा! या माउलीचा खांदा सरकारने मोडला!"

"माका लाठी लागूक नाय ओ," ती पुटपुटली.

"घाबरू नका बाई, आम्ही आहोत ना!" असं म्हणून शामरावांनी टाळ्या घेतल्या.

माणसाला देव्हाऱ्यात बसवायची आपल्या लोकांना फार घाई, आणि तिथून खाली खेचायची त्याहून जास्त. शेजारणी कालवण आणून द्यायला लागल्या. नळावर तिची कळशी पहिली भरू लागली. मिलमध्ये बायकांवर देखरेख करणारी नायकीणसुद्धा तिला हात खाली ठेवून करायचं काम द्यायला लागली.

मग शामरावांना पुरावा हवासा वाटला. परळच्या इस्पितळात नेऊन त्यांनी तिच्या खांद्याचा एक्स-रेचा फोटो काढून घेतला. डॉक्टरांनी तो उजेडाकडे धरला. "हाड शाबूत आहे. यात काहीच नाही."

शामरावांचं तोंड पडलं. संध्याकाळपर्यंत चाळभर झालं, बकुळाबाईचं सगळं सोंग! जी गोष्ट तिने कधी सांगितलीच नव्हती, तिच्यापायी ती खोटारडी ठरली. घर फिरलं की वासेही फिरतात. नळावर तिची कळशी मागे सरकली. नायकिणीने तिला परत बॉबिनींपुढे उभं केलं आणि हात वर जाईना तेव्हा मिलच्या डॉक्टरकडे धाडलं. "फोटोत दिसत नाही ते दुखणं मी मानत नाही," तो म्हणाला. बकुळाबाईची नोकरी गेली.

इस्पितळात व्यायाम करून घेणाऱ्या लतिकाबाई तेवढ्या माणसासारखं बोलल्या. "अहो, सांध्याभोवती एक पिशवी असते, ती आखडलीय. फोटोत हाडं दिसतात, पिशवी दिसत नाही. तुमचं दुखणं खरं आहे."

बकुळाबाईचे डोळे भरून आले. "ह्या तुम्ही मिलात येवन सांगशात?"

लतिकाबाई खरंच गेल्या. व्यायामवाल्या बाईंनी डॉक्टरांना शिकवू नये, एवढं ऐकून परत आल्या. आता दाद मागायची कुणाकडे? तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

मग रोज गरम शेक घ्यायचा आणि भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायचा. लतिकाबाई खांदा रेटत, बकुळाबाई पदर दातांत धरून ओरडणं गिळायची. घरी तिने दारावर कप्पी टांगली. दोरी डाव्या हाताने खाली ओढायची, म्हणजे उजवा वर जायचा. येणारेजाणारे दारात डोकावून म्हणत, "चाललं बाईचं नाटक!" कांताची शाळा सुटली आणि ती दादरला धुणीभांडी करायला जाऊ लागली. त्या दिवसांत बकुळाबाईला खांद्यापेक्षा पोरीच्या फुगलेल्या बोटांकडे बघवत नसे.

खांदा सुटायला दोन वर्षं गेली. हात डोक्यावर पोचला त्या दिवशी ती धावतच मिलच्या दरवाजात गेली आणि नायकिणीला गाठून म्हणाली, "बघ गो, हात इलो वर!"

"येणारच. तेव्हा काय येत नव्हता?" नायकीण म्हणाली. "तुझी जागा कधीच भरली."

साठच्या मे महिन्यात महाराष्ट्र झाला. चाळीला तोरणं लागली. बकुळाबाई गॅलरीत दोन्ही हात वर करून दोरीवर लुगडं वाळत घालत होती. पेढ्यांचं ताट घेऊन शामराव आले, थबकले आणि चारचौघांत म्हणाले, "वा! राज्य मिळालं, बाईंचा खांदाही बरा झाला!" माणसं खदखदून हसली.

तिने लुगडं नीट पसरलं. इतक्या वर्षांत तिने कुणाला शिवी दिली नव्हती, आताही दिली नाही.

"शामराव, लाठी बसली असती तर बरां झालां असतां ओ," ती म्हणाली. "हाड मोडलां असतां. फोटोत दिसलां असतां."

शामराव ताट घेऊन पुढच्या दाराकडे गेले.