बांधातली नवरी

आमच्या शेजारच्या सगुणाकाकूला देवभोळी म्हणणारे तिला ओळखतच नव्हते. अंगात आलेल्या भगतालाही तोंडावर झापणारी बाई ती! पण बांधातल्या नवरीवर मात्र तिचा भारी जीव.

गोष्ट अशी, की कधीकाळी खाडीचा बांध फुटला, भातशेतात खारं पाणी घुसलं आणि पडलेली खांड काही केल्या बुजेना. तेव्हा हळदीच्या अंगाची एक नवरी त्या खांडीत आडवी झाली आणि दर्या थांबला. म्हणून दर वैशाखी पुनवेला गावातल्या बायका पाटी पाटी चिखल नेऊन बांधावर थोपायच्या. नवरीला पांघरूण घालायच्या म्हणे. काकूचं शेत बांधाला अगदी लागून. चिखल थोपता थोपता ती नवरीशी घरचं सगळं बोलायची, नवऱ्याच्या कागाळ्यासुद्धा.

अठ्ठावन्न साली पाणी सोडायचं नवं दार बसवायला नेमका तिथेच बांध खणला. खणणाऱ्यांत काकूचा नवरा बुधाजीकाका होता. सगळा गाव बघायला लोटला. हाड नाही, बांगडीचा तुकडा नाही. निघाला तो चिखल, थरावर थर. "झाली तुमची नवरी!" म्हणत काका मोठ्यानं हसला. काकू घरी येऊन रडली. मला काकाचा असा राग आला!

पुढच्या वैशाखात पुनव आली, तरी एकही बाई पाटी घेऊन निघेना. खेकड्यांनी बांध पोखरलेला सगळ्यांना दिसत होता. पावसाळ्यातल्या उधाणाला पाणी आत आलं की दोन-तीन वर्षं भात विसरायचा, आणि पहिलं शेत काकूचंच जाणार. तिनं पाटी डोक्यावर घेतली.

ओटीवरून काका म्हणाला, "अगं, कुनासाठी चाललीस? तिथं कोनी न्हाय."

"व्हय, न्हाय. तुमीच दाखवलंत," काकू म्हणाली. "इतकी वरसं वाटायचं, ती हाय, ती बघून घेईल. आता ती न्हाय, तर दर्या कोन अडवनार?"

काका उठला. त्यानंही पाटी घेतली. मीही माझी पाटी भरून त्यांच्या मागोमाग गेले. बांधावर पोचल्यावर काका भराभरा चिखल आपटू लागला.

काकूनं त्याचा हात धरला. "हळू," ती म्हणाली, "तिचं तोंड हाय तिथं."

काकानं माझ्याकडे बघितलं, आणि तो हळूहळू थोपू लागला.