पांढऱ्या साडीतला चेहरा

थोरल्या बहिणीच्या लग्नाचा एकच फोटो आमच्या भिंतीवर होता आणि तो मला बघवत नसे. आमच्या बौद्ध लग्नांत नवरा-नवरीसकट सगळे पांढरं घालतात. त्या फोटोत मांडवभर माणसं उभी होती, अंगावर पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे, आणि वर नुसती काळी भोकं. त्यातली माय कोणती हे आम्ही तिच्या उभं राहण्यावरून ओळखायचो. तो फोटो आणायला मीच परभणीला गेलो होतो. स्टुडिओवाला पाकिटात फोटो सरकवत सहज म्हणाला, "तुमच्याकडचे चेहरे असेच येतात." मी पाकीट काखेत मारून बाहेर पडलो. आणि उत्तर न सुचलेला राग माझ्या अंगात फार दिवस मुक्काम ठोकतो.

धाकटीचं लग्न ठरलं तोवर मी जिंतूर तालुक्यात, आमच्या गावाशेजारच्या खेड्यात गुरुजी झालो होतो. फौजेतून निवृत्त झालेल्या मामांनी आपला एसएलआर कॅमेरा माझ्या गळ्यात घातला होता. सासर लांब, नांदेडच्याही पलीकडे. धाकटीने मला चुलीमागे बोलावून घेतलं. साडी मागेल, घड्याळ मागेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "दादा, मायचं तोंड दिसलं पायजे. मला संगं न्यायचंय."

झालं. तेव्हापासून मला चैन म्हणून पडेना.

कॅमेऱ्याला डोळा लावला की कडेला एक बारीक सुई दिसायची. उजेड वाढला की ती वर जायची, कमी झाला की खाली. शटरची चकती आणि अ‍ॅपर्चरची रिंग फिरवून सुई मधोमध आणली की एक्स्पोजर, म्हणजे आत जाणारा उजेड, बरोबर, एवढंच मामांनी शिकवलेलं. मी तसंच केलं. धाकटीला पांढऱ्या साडीत अंगणात उभी केली, सुई मधोमध आणली, आणि रोल धुऊन आला तेव्हा तोंड काळं ते काळंच. मग मी दिसेल ते टिपत सुटलो. शाळा सुटली की सायकल काढायची आणि निघायचं. रविवारी एसटी धरून मानवतला गेलो, मोंढ्यात कापसाचे ढीग लागले होते, त्यातला एक भर उन्हात टिपला. परतताना फाट्यावर उतरलो तर एक म्हैस दिसली, तिलाही सोडलं नाही.

फोटो आले. पांढराशुभ्र कापूस राखेच्या ढिगासारखा. काळी कुळकुळीत म्हैसही राखाडीच. परभणीच्या त्याच स्टुडिओवाल्याने विचारलं, कापूस भिजला होता का. मी पैसे टाकले आणि एसटीत येऊन बसलो. दोन्ही फोटो मांडीवर ठेवून बघत राहिलो आणि गाडी हलायच्या आत माझ्या डोक्यात उजेड पडला. सुईला काळं-पांढरं कळतच नाही. ती सगळं जग मातकट धरून चालते. पांढरं फार दिसलं की तिला वाटतं ऊन फार झालं, मग ती उजेड तोडायला लावते. त्यात पांढरं मळतं आणि शेजारचा सावळा चेहरा पार बुडतो. म्हणजे दोष चेहऱ्यांचा नव्हताच. मी गाडीत एकटाच हसलो. लगेच इतका संताप आला की घर येईपर्यंत दातावरचे दात सुटले नाहीत.

इलाज सोपा होता. सुईला अख्खा मांडव दाखवायचा नाही. चेहऱ्याजवळ जाऊन नुसत्या गालावरचा उजेड मोजायचा, तेवढ्यावर रिंग ठेवायची, मागे यायचं आणि मग सुई काही का म्हणेना, ऐकायचं नाही. सोपं म्हणतो खरा, पण ते न ऐकणंच मला जड गेलं.

लग्नाच्या दिवशी पंचशील व्हायच्या आधी मी कॅमेरा घेऊन मायच्या तोंडाशी गेलो. तिने घाईने पदर नीट केला, मान ताठ केली, श्वास रोखला.

"निघाला का?"

"न्हाई माय, अजून मापायलोय."

"तोंड कशाला मापायलास रे?"

बायका हसल्या. मी जरा वेळाने ऊन बदललं म्हणून पुन्हा गेलो, ती पुन्हा श्वास रोखून उभी. मागे येऊन डोळा लावला तर सुई वर जाऊन टेकलेली. अंगठा आपोआप रिंगकडे जाई, मी तो मागे ओढी. धाकटीला मायच्या शेजारी उभी करून तीन-चार वेळा बटण दाबलं, पण त्यानंतर जेवणावर माझं लक्ष नव्हतं. रोल कॅमेऱ्यात आणि माझा जीव रोलमध्ये.

विद्यापीठाच्या नामांतराच्या लढ्याचे दिवस होते. रोल स्टुडिओत टाकला आणि रास्ता रोको सुरू झाला, गाड्या बंद. मी रोज फाट्यावर जाऊन उभा राही. ज्या कारणासाठी गाड्या बंद होत्या ते माझंच होतं, घोषणा दिल्या त्यात माझाही आवाज होता, आणि तरी गाडी यावी म्हणून मी तळमळत होतो. कुणाला सांगायची सोय नव्हती.

गाड्या सुरू झाल्या तशी पहिली पकडली. पाकीट स्टुडिओतच उघडलं. पुन्हा काळी भोकं. धाकटीच्या साडीची बारीक निळी किनार मात्र धागा धागा दिसत होती. मी निगेटिव्ह मागून घेतली, दारातल्या उजेडात धरली. तिथे मायचे डोळे होते, कपाळ होतं, गालावरच्या रेघा होत्या. मी बरोबर टिपलं होतं. छापायच्या कागदाला उजेड जास्त झाला की तो काळा पडतो. कागदावर छापताना स्टुडिओवाल्याने किनार दिसावी म्हणून जास्त उजेड दिला होता आणि चेहरे जाळले होते.

"लग्नाच्या फोटोत साडी दिसली पाहिजे, गुरुजी. लोक साडी बघतात," तो समजुतीने म्हणाला.

"साडी जाऊ द्या. तोंडं येऊ द्या."

"मग सगळं पांढरं फट पडेल."

"पडू द्या," मी म्हणालो, आणि नवा फोटो हातात पडेपर्यंत तिथेच येरझाऱ्या घालत राहिलो.

धाकटी चार दिवस माहेरी आली. मी तो फोटो तिला शेवटच्या दिवशी दिला, कारण मला भीती होती. ती किनार तिने सगळी दुकानं पालथी घालून निवडली होती आणि फोटोत तिचा मागमूस नव्हता. पण तिने स्वतःकडे बघितलंच नाही. फोटो मायच्या तोंडाजवळ धरून ती एकदा फोटोकडे, एकदा मायकडे बघत राहिली. मायने तो हातात घेतला, दाराकडे तोंड करून निरखला.

"एवढी म्हातारी झाले व्हय मी?"

मी तिच्या खांद्यावरून वाकून फोटो पुन्हा बघितला. खोल गेलेले डोळे, बसलेले गाल, गळ्याच्या सुटलेल्या शिरा. रोज तिच्या हातची भाकरी खात होतो आणि यातलं काही मला दिसलं नव्हतं.

धाकटीची पिशवी भरून दाराशी ठेवली होती. तिला गाडीवर बसवून द्यायचं काम माझं. मला एका जागी बसवेना, मी दोनदा म्हणालो की गाडी चुकेल. तिने मायच्या हातून फोटो घेतला, पिशवीत घातला आणि ती पिशवी उचलून परत आत नेऊन ठेवली.

"मी उद्या जाते," ती म्हणाली.