ग्रहणात शिवलेली बोटं

माझ्या डाव्या हाताचं मधलं बोट आणि अनामिका जन्मापासून एकमेकांना चिकटलेली आहेत. आमच्या गावात, कुरुंद्यात, याचं कारण लहानथोर सगळ्यांना पाठ आहे: मी पोटात असताना आईनं ग्रहणात सुईदोरा हातात घेतला. झालं! पोरीची बोटं शिवली गेली. डॉक्टर सोडवून देतो म्हणाले होते. कॉलेजात गेल्यावर मीच नको म्हटलं. हात माझा आहे, गावाच्या डोळ्यांत सलतो म्हणून मी कापून घेऊ?

आईनं मात्र कधी तोंड उघडलं नाही. कुणी बोललं की ती मान खाली घालून हळद निवडत राहायची, आणि मला तिचाच राग यायचा.

पुढे मी संशोधनाला गेले, ते नेमकं पेशींच्या मरणावर. पोटातल्या बाळाचा हात आधी उलथन्यासारखा सपाट असतो. मधल्या पेशी वेळेवर मरतात, म्हणून बोटं सुटी होतात. पेशीचं आवरण स्निग्ध पदार्थाच्या दोन थरांचं असतं. पेशी मरायला निघाली की एरवी आतल्या थरात राहणारा एक स्निग्ध घटक बाहेरच्या थरात येतो. काही प्रथिनं नेमकी त्यालाच जाऊन चिकटतात, आणि त्या खुणेवरून सफाईच्या पेशी येऊन तिला गिळून टाकतात. आम्ही अशाच एका प्रथिनाला चमकणारा हिरवा रंग जोडतो. सूक्ष्मदर्शकाखाली मरणाऱ्या पेशीभोवती हिरवं कडं उमटतं. ते पहिल्यांदा पाहिलं आणि माझ्या बोटांमधल्या पेशी अशा मेल्या नाहीत, एवढंच घडलं होतं हे उमगलं, तेव्हा मला गावाचा असा संताप आला की विचारू नका.

परवाच्या ग्रहणाला मी घरी होते. शेजारच्या बाया ओसरीत येऊन बसल्या होत्या. वहिनीला दिवस गेलेले. आत्यानं तिला पलंगावर सरळ निजवलं, हलायचं नाही अशी तंबी दिली आणि माझा हात ओढून तिच्यापुढे धरला.

"हे बघ. हिच्या मायनं ऐकलं न्हाई."

वहिनीनं भिऊन पोटावर हात ठेवला. मी माझा हात मागे घेतला नाही.

"आत्या, बोटांच्या मधलं मास पोटातच मरायचं असतंय. माझं मेलं न्हाई. सुईनं बोटं जुळत न्हाईत."

"मग काहून मेलं न्हाई?"

"ते मला बी अजून बराबर कळालं न्हाई. पण आईनं काही केलं न्हाई, हे पक्कं कळालंय."

"चार बुकं शिकली अन् आमाला शिकवून राहिली!" आत्या फणकारली.

आई दारात उभी होती. आता ही नेहमीसारखी मान खाली घालणार, असं वाटून माझं डोकं तापलं. पण ती आत आली आणि आत्याकडे न बघता पलंगाच्या कडेला बसली.

"पुन्हा म्हण," ती मला म्हणाली. "वसरीत बाया बसल्यात. मोठ्यानं म्हण."