खिळे मारलेला पडाव

सेतुमाधवरावांचं अक्षर टपोरं आणि राग नाकाच्या शेंड्यावर. मद्रासच्या एका सरकारी कचेरीत वीस वर्षं त्यांनी पाट्या रंगवल्या, पण चुकीची पाटी निमूट रंगवली असेल तर शपथ! तंजावरी मराठी माणूस. घरी मराठीत चिडायचे, कचेरीत तमिळमध्ये.

अठ्ठावन्न साली बंदराजवळ नौकांचं प्रदर्शन भरणार होतं. कोणती नौका कुणी बांधली, हे प्रत्येक पाटीवर यायचं होतं. लढाऊ जहाजांची अडचण नव्हती. बांधणाऱ्या गोऱ्यांची नावं, त्यांच्या गोद्या, सगळं पुस्तकात होतं. मग मसुला पडावाचा, म्हणजे मद्रासकडच्या शिवलेल्या नावेचा, मजकूर आला: 'बांधणारा: अज्ञात.'

रावांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अहो, तो अज्ञात बाहेर अंगणात बसून विडी ओढतोय!"

आणि खरंच ओढत होता. कात्तमुत्तू, जवळच्या कोळीवाड्यातला म्हातारा. महिनाभर तिथंच बसून त्यानं फळ्या काथ्यानं शिवल्या होत्या. खिळा एक नाही. म्हणूनच तर मद्रासची लाट आपटली तरी मसुला वाकतो, फुटत नाही. बंदर होण्याआधी जहाजांतून आलेली गोरी मंडळी जीव मुठीत धरून असल्याच पडावांतून किनाऱ्याला लागली, आणि बांधणारा म्हणे अज्ञात!

"पुस्तकात नाव नाही, राव," कचेरीचे मुख्य अनंतकृष्ण साहेब म्हणाले.

"पुस्तकवाल्यानं विचारलं नाही, सार! तुम्ही विचारा. खिडकीतून हाक मारलीत तरी ऐकू जाईल."

"आज कोळ्याचं नाव टाकलं, तर उद्या सुतार मागेल."

"मागू दे की! हात त्याचे झिजलेत, तुमचे नाही!"

चार दिवस हेच. रावांनी तीन अर्ज केले, बदलीची धमकी ऐकली. त्यांच्या बायकोनं, सकवारबाईंनी, "नोकरी घालवाल हो," म्हणून डोळ्यांना पदर लावला. अखेर उद्घाटनाच्या सकाळी साहेब वैतागले. "घाला एकदाचं!"

रावांनी पाटी रंगवली: 'बांधणारा: कात्तमुत्तू.' म्हाताऱ्याला हाताला धरून मंडपात नेलं आणि मोठ्यानं वाचून दाखवलं. "बघा तात्ता, तुमचं नाव!"

म्हाताऱ्यानं पाटीकडे बघितलंच नाही. पडावाच्या कडेवरून फिरणारा त्याचा हात मध्येच थांबला. काथ्या सुकला की सैल पडतो, रोज पाणी मारा, असं त्यानं दहादा बजावलं होतं. पण पडाव अंगणातून मंडपात हलवल्यावर पाणी कोण मारणार? फटी दिसायला लागल्या, तेव्हा साहेबांनी सुताराकडून ओळीनं खिळे ठोकून घेतले होते.

"हा मी बांधलेला नाही," म्हातारा म्हणाला. "हा पहिल्याच लाटेला फुटेल. माणसं बुडतील आणि लोक म्हणतील, कात्तमुत्तूचा पडाव. नाव पुसा, अय्या."

रावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. चार दिवस ते अर्ज नाचवत ह्याच पडावाजवळून ये-जा करत होते, आणि एक खिळा डोळ्यांना दिसू नये? साहेबांवरचा सगळा संताप फिरून त्यांच्यावरच आला.

बाहेर पाहुण्यांची मोटार थांबली. "राव, पाटी लावा! झालं ना तुमच्या मनासारखं?" साहेब दारातून ओरडले.

"नाही झालं, सार." रावांनी पाटी काखेत मारली, सुताराच्या पेटीतली पक्कड उचलली, आणि पाहुणे आत येत असताना पहिला खिळा उपटला.