दमावंदवरचं हिरवं ठिगळ

तळेघरच्या वरच्या वाडीतला दादाभाऊ खोटं बोलायचा, आणि इतकं मन लावून बोलायचा की ऐकणाऱ्याला त्याला चहा पाजावासा वाटे. बिबट्याला त्यानं झाडूनं हाकललं होतं, एका मंत्र्याला पिठलं खाऊ घालून रडवलं होतं. बायको बायडाबाई भाकरी थापता थापता विचारायची, "झालं का? का अजून एक बिबट्या यायचा हाय?" वाडीला दुसरी फुकटची करमणूक नव्हती.

त्याच्या हाताला मात्र चव होती. म्हणून २००२ साली पुण्याच्या देवस्थळी साहेबांनी त्याला इराणला नेलं. तिथं धरणाचं काम चालू होतं आणि इंजिनिअर लोकांना वरणभाताशिवाय झोप येत नव्हती. ठरलं असं, की दर रविवारी बायडाबाईनं डोंगर उतरून तळेघरच्या एसटीडी बूथवर यायचं आणि दादाभाऊनं फोन करायचा.

चैत्रातल्या एका रविवारी फोन आलाच नाही. ती सकाळपासून बाकड्यावर बसून होती. शेवटी बूथवाल्यानं शटर ओढलं. अंधारात ती एकटी डोंगर चढून घरी आली, आणि वाटेत नवऱ्याला जे बोलली ते इथं लिहिण्यासारखं नाही.

त्या रविवारी दादाभाऊ दमावंदवर होता. दमावंद म्हणजे दांडगा ज्वालामुखी. डोक्यावर धूर, अंगभर बर्फ. साहेब आणि त्यांचे एक मित्र तिथं स्की करायला निघाले होते. पायाला लांब फळ्या बांधायच्या, दिवसभर धापा टाकत चढायचं आणि त्याच उतारानं घसरत खाली यायचं. शिकलेल्या माणसांना सुट्टी मिळाली की असलं काहीतरी सुचतं. दादाभाऊ रांधायला होता. शनिवारीच परतायचं होतं, पण वारा सुटला आणि सगळे दगडी खोपटात अडकले.

रविवारी आभाळ उघडलं, तर मित्राचं डोकं उंचीनं धरलेलं. त्यांच्या फळ्या रिकाम्या पडलेल्या पाहून दादाभाऊला कंड सुटली.

"साहेब, फळी आमाला नवी न्हाई. भातखाचरात चिखल सपाट करताना बैलांमागं फळीवर मीच उभा असतो. आजवर पडलो न्हाई."

हे खरं होतं. साहेबांनी हसत फळ्या बांधून दिल्या. दादाभाऊ ऐटीत सुटला, आणि वेग वाढल्यावर त्याच्या ध्यानात आलं की फळी थांबवायचं काम आजवर बैल करत होते. तरी सवयीनं तो ओरडला, "हो, हो, ढवळ्या, हो रं!" इराणात ढवळ्या नव्हता. दादाभाऊ डोक्यावर आपटून बर्फात रुतला.

घरी आल्यावर त्यानं फोन का आला नाही ते सांगितलं. धुराचा डोंगर, बर्फ, फळ्या, आणि आपण राजासारखे उभ्याउभ्या खाली आलो. वाडी पोट धरून हसली. बायडाबाई हसली नाही.

"फोन करायचा इसरलो म्हना की. एवडा मोठा डोंगर कशाला आनता मधी?"

तेव्हापासून ती त्याला वेळेवर वाढायची आणि पाठ फिरवून चुलीशी बसायची. बिबट्याची चौकशीसुद्धा बंद झाली. आयुष्यात एकदा खरं बोलावं, तेही बऱ्यापैकी खरं, तर ही गत. दादाभाऊला ते फार लागलं.

वर्षभरानं देवस्थळी साहेब भीमाशंकरला जाताना थांबले आणि एक फोटो देऊन गेले. फोटोत बर्फ, मागे धुराचा डोंगर, आणि मधोमध दादाभाऊचा पार्श्वभाग. डोकं आत, पाय वर, एक फळी भलतीकडेच. पॅन्टच्या बुडावर हिरवं ठिगळ, लाल काठासकट.

फोटो चुलीत घातला असता तर राजेपण टिकलं असतं. दादाभाऊ गोठ्यामागं जाऊन बराच वेळ बसला. मग उठला आणि त्यानं फोटो बायडाबाईपुढं धरला.

तिनं पिठाचा हात पुसला, ठिगळावर अंगठा ठेवला. "हे माझं लुगडं. टाकाबी माझाच." तिनं फोटो उजेडाला धरला. "मंजी खरंच गेला व्हता तुमी."

"व्हय."

"उभ्यानं आलो म्हनत व्हता."

"पडलो," दादाभाऊ म्हणाला.

दिवस मावळेपर्यंत सगळ्या वाडीनं ते बूड पाहिलं. बायडाबाई स्वतः घरोघर घेऊन फिरली. जेवायला वाढल्यावर मात्र ती पाठ न फिरवता समोर बसली.

"हां, सांगा आता. पयल्यापासनं."

दादाभाऊनं सांगितलं, आणि त्यात एकही बिबट्या घातला नाही.