मामांच्या उघडलेल्या बाटल्या

साऱ्या भोर संस्थानात माझ्या मामांइतका हट्टी माणूस दुसरा नव्हता, हे मी शपथेवर सांगेन. आणि हा सगळा हट्ट कशापायी, तर शरबताच्या बाटल्यांपायी! तरुणपणी पुण्यात एका शरबतवाल्याकडे राहून ते पाक करायला शिकले आणि भोरच्या बाजारात दुकान मांडून बसले. करवंद, लिंबू, वाळा, गुलाब. बंद बाटलीकडे ते ढुंकूनही बघत नसत. बूच निघालं की मात्र तिची बाळंतिणीसारखी बडदास्त सुरू व्हायची. ओल्या वाळूत गळ्यापर्यंत पुरायची, तोंड पुसून कोरडं करायचं, वर स्वच्छ फडकं बांधायचं. ओला चमचा घेऊन कुणी जवळ गेलं की मामा खेकसत, "पानी लागलं की पाक मेला, कळतंय का?" आणि मग पाक ठीक आहे ना, हे बघायला स्वतः येता-जाता बूच काढून बोट बुडवत, चाटत आणि तेच बोट पुन्हा बुडवत. या तपासणीपायीच निम्म्या बाटल्या वाया जात. तोंडाशी फेस आला, ताडीसारखा वास सुटला, तरी मामा कबूल करतील तर शपथ. "बिगाडला न्हाई, जरा तापलाय. निवंल." एकदा एक बूच उडून थेट आढ्याला लागलं, तर म्हणाले, "जोर बगा लेकाचा!"

मामी लवकर गेल्या. घरात एकटी लेक, आमची आक्का. तिचं नाक असं की ओसरीवर बसून सांगे, माजघरातली बाटली गेली म्हणून. मामा ऐकत नसत; मग ती गुपचूप मोरीत ओतून टाकी. पण तिचं लग्न जमत नव्हतं. आलेली स्थळं रंगावरून परत गेली होती, आणि मामा मनातून पार खचले होते. त्यामुळे वेल्ह्याचे पाहुणे येणार म्हटल्यावर त्यांनी गेल्या उन्हाळ्यातला करवंदाचा पाक, म्हणजे आपला जीव की प्राण, आठवडाभर आधीच उघडला आणि रोज मनसोक्त तपासला. आक्काला त्या बाटलीच्या जवळपासही फिरकू दिलं नाही.

पाहुणे बसले. आक्का खाली मान घालून पेले घेऊन आली. विचारल्याशिवाय मुलीनं तोंड उघडायचं नाही, ही रीत. मुलाच्या आईनं पेला उचलला आणि आक्का एकदम म्हणाली, "मावशी, पिऊ नगा. आंबलाय त्यो."

दाराआड मी मनात म्हटलं, हेही स्थळ गेलं! मुलाच्या आईनं पेला नाकाशी नेला. "अगं बया, ताडीच की ही! आमच्या ह्यांनी घेतली असती, तर हितंच मुक्काम पडला असता." मामांनी एक घोट घेतला. पेला खाली ठेवला. मग माझ्या देखत आयुष्यात पहिल्यांदाच म्हणाले, "बिगाडलाय."

"बापाची भीड न्हाई धरली पोरीनं," ती बाई म्हणाली. "आमच्या घरात समदी मुकी. आमाला हीच पायजे."

त्याच वैशाखात लग्न झालं.

पुढच्या उन्हाळ्यात मी दुकानात गेले, तेव्हा मामा नुकतीच उघडलेली बाटली पुढे घेऊन बसले होते. वास घेत, मान हलवत, पुन्हा वास घेत. "कायच कळंना बग," म्हणाले. मग बाटली ओल्या फडक्यात गुंडाळली, डोक्याला मुंडासं बांधलं आणि भर बाजाराच्या दिवशी दुकानाच्या फळ्या लावल्या.

"कुठं निघालात मामा?"

"वेल्ह्याला. आक्काला इचारून येतो, ऱ्हायलाय का गेलाय."

पाक अगदी ताजा होता. त्याचा घमघमाट मला उंबऱ्याबाहेर आला होता. पण मी अवाक्षर काढलं नाही. वेल्ह्याच्या वाटेनं नसरापूरकडे जाणारी बैलगाडी थांबवून मामांना तिच्यात बसवून दिलं.