वाटून टाकलेल्या गोळ्या

"मंग पुढं?" हा तिचा प्रश्न. तुम्ही बोलत असताना तो मधेच यायचा, आणि विचारताना ती अर्धी उठलेली असायची. औंढ्याच्या दवाखान्यात मी नर्स होते, तिचा रक्तदाब मोजायचे. एका हाताला पट्टा बांधलेला असला तरी तिचा दुसरा हात पदराशी, बांगड्यांशी, टेबलावरच्या कापसाशी चाळा करत राहायचा. मी रागावले की म्हणायची, "एक हात दिलाय ना तुला?" अशी माणसं तुमच्याही पाहण्यात असतील. त्यांच्याशेजारी बसलं की आपल्यालाच दम लागतो.

तिच्या बंजारा तांड्यावर तिला सगळे याडी म्हणत, म्हणजे आई. मीही म्हणू लागले.

दोन हजार सालच्या आसपासची गोष्ट. आमच्या डॉक्टरांनी एक संशोधन हाती घेतलं होतं. रक्तदाबाचे रुग्ण गोळ्या मधेच का सोडतात, हे शोधायचं होतं. काय विचारायचं हे रुग्णांनीच सांगावं, म्हणून त्यांनी पाच-सहा जणांना सल्लागार केलं. बाजाराच्या दिवशी दवाखाना आटोपला की बैठक व्हायची. बाकीचे सल्लागार "तुमी म्हणता ते बराबर" म्हणून मोकळे होत. याडी मात्र खुर्चीवर टेकायचीच नाही. दारापर्यंत जायची, बाहेर डोकावायची, परत यायची, आणि फेऱ्या मारतामारताच डॉक्टरांचे प्रश्न मोडीत काढायची.

त्यांचा पहिला प्रश्न होता, गोळी घ्यायला विसरता का. ती म्हणाली, विसरत कोणी नाही. दसरा झाला की अख्खा तांडा ऊसतोडीला निघतो, तिकडं फडात गोळी कोण आणून देणार? डॉक्टरांना ते पटलं. निघणाऱ्यांना हंगामभराच्या गोळ्या एकदम द्यायचं ठरलं. मला वाटलं, आता तरी ही बसेल.

"आन बाकीच्या बायांचं काय?" तिनं विचारलं.

डॉक्टरांनी समजावलं. गोळ्या संशोधनात नाव असलेल्यांपुरत्याच आल्या होत्या. इतरांना तपासून पुढच्या वर्षी घेऊ, असं ते म्हणाले.

"आमच्या तांड्यात एकटीनं खायाची रीत न्हाई, डॉक्टरसाब," ती म्हणाली आणि चपला घालून चालू लागली.

ऊसतोडीची टोळी निघायच्या आदल्या दिवशी ती गोळ्या न्यायला आली. दाब चांगलाच चढलेला होता. रोज सकाळी एक, चुकवायची नाही, असं मी बजावलं. तिनं मान डोलावली, पण लक्ष सगळं रस्त्यावर.

होळीच्या सुमारास टोळी परतली ती तिच्याशिवाय. फडातच तिच्या अंगावरून वारं गेलं, आणि तिकडच्या दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. तिची सून येऊन सांगत होती. पहिल्याच मुक्कामाला याडीनं गोळ्या वाटून टाकल्या होत्या. घरात गूळ आला, मटण आलं की वाटायचं, तशाच. जिचं डोकं दुखायचं तिला, जिला घेरी यायची तिला. दाब नसलेली एक तरणी पोरगी ती गोळी खाऊन फडात चक्कर येऊन पडली. याडीच्या स्वतःच्या वाट्याला महिनाभराच्याही उरल्या नाहीत.

मला तिचा भयंकर राग आला. म्हणे सल्लागार! हातातला ट्रे मी आदळला आणि मागच्या खोलीत जाऊन खूप रडले. एवढी सगळ्यांची काळजी करणाऱ्या बाईला स्वतःची जरासुद्धा करता येऊ नये?

 काही दिवसांनी एका सकाळी डॉक्टरांनी दाब मोजायचं यंत्र उचललं आणि आम्ही दोघं तांड्यावर गेलो. संशोधनात नाव असो वा नसो, सगळ्यांना तपासायचं होतं. बाया लिंबाखाली येऊन बसल्या. याडीनं गोळ्या दिलेल्यांपैकी एकीनं माझ्यापुढं हात केला, पण ती बोलली डॉक्टरांशी.

"याडी गेल्यावर आलात व्हय? ती सांगून राहिली व्हती, तवा काहून न्हाई आलात?"

डॉक्टरांनी वही उघडून तिचं नाव लिहिलं. मला पट्टा बांधता येईना. शेवटी तिनंच त्याचं दुसरं टोक धरून दिलं.